उतारावर एकही खड्डा नाही

बाई, तुम्ही गेलात आणि आठवड्याच्या आत टेकडीवरच्या तुमच्याच उतारावर झाडं लावायचं ठरलं. तुमच्या स्मरणार्थ. वड, पिंपळ, बकुळ, आणि कोणीतरी गुलमोहरसुद्धा सुचवला. हे ऐकायला तुम्ही हव्या होतात. अशा वेळी बोलायचं काम तुमचं. माझं काम टिकाव मारायचं आणि मध्ये मध्ये चिडायचं. आता सगळीच कामं माझ्या गळ्यात टाकून तुम्ही निघून गेलात, आणि याला मी व्यवहार म्हणत नाही.

जाण्याची पद्धतसुद्धा तुमचीच. कुणाला त्रास नाही, कुणाला सूचना नाही. नारायण पेठेतल्या घरी चहाचं आधण ठेवलंत, खुर्चीवर टेकलात आणि उठला नाहीत. मला कोण कळवणार? तुमच्या घरी मला ओळखतं कोण? शनिवारी आपण वरच्या अंगाला माजलेलं रानमोडीचं तण काढणार होतो. धायरीच्या बाजूनं पायवाट सुरू होते तिथं मी दोन टिकाव आणि तुमचे हातमोजे घेऊन उभा. तुमची बस आली, तुम्ही नाही. पुढची आली. मी फोन लावला. तुमच्या मुलीनं उचलला.

"आई गेली," ती म्हणाली.

"कुठं?" मी म्हणालो. "आज शनिवार आहे."

हे बोलून झाल्यावर मला कळलं. बाई, दुकानदार माणूस आहे मी. बोललेला शब्द फिरवून घ्यायची कला माझ्यापाशी आहे. हे एक वाक्य तेवढं फिरत नाही.

शोकसभा टेकडीवरच झाली, टाकीजवळच्या कट्ट्यावर. बोलायला अर्थातच सप्रे काका. आपल्या टेकडीचे स्वयंनियुक्त कलेक्टर. टेकडीवर झाडांना पाणी घालणारा त्यांचा सकाळचा गट सगळा हजर होता. तुमची मुलगी मृणाल मागे उभी होती. सप्रे काकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "देवधर बाईंनी आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर या टेकडीची सेवा केली. तर त्यांच्या नावानं तो पलीकडचा ओसाड उतार आपण हिरवा करायचा. स्मृतिवन! रविवारी खड्डे घेऊ."

शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत. नाहीतर वाजल्या असत्या.

ओसाड! इतकी वर्षं तुम्ही ज्याला झाडांपासून वाचवलंत, त्या गवताच्या उताराला माणूस तुमच्याच शोकसभेत ओसाड म्हणतो, आणि माना डोलतात. मला तिथल्या तिथं बोलायचं होतं. पण तुमची मुलगी रडत होती आणि सप्रे काका तिच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. अशा वेळी जो बोलतो तो व्यवहार हरतो. मी गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्याची किंमत तुम्हाला माहीत आहे.

तुमची आणि माझी ओळखच व्यवहारातून झाली. धायरीतल्या माझ्या बांधकाम-सामानाच्या दुकानात तुम्ही पहिल्यांदा आलात त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर बारा दारांच्या चौकटींचं गिऱ्हाईक घासाघीस करून तसंच निघून गेलं होतं आणि माझं डोकं तापलेलं होतं. तुम्ही भिंतीला लावलेला टिकाव उचललात, तोललात.

"याहून हलका नाही का?"

"बाई, हलका हवा तर चमचा घ्या."

"चमच्यानं झालं असतं तर बस बदलून इथं आले नसते."

मी भाव सांगितला. नेहमीसारखा चढवून, समोरच्याला खाली यायला जागा ठेवून. तुम्ही पाकीट उघडलंत आणि दिले. मला कसंसंच झालं. ज्याच्याशी घासाघीस झाली नाही ते गिऱ्हाईक मला रात्री जेवू देत नाही. मी म्हणालो, "अहो, भाव तरी करा." तुम्ही म्हणालात, "तुम्ही सांगितलात ना? मग तोच असेल." मी थोडे परत करू लागलो तर म्हणालात, "म्हणजे आधी खोटं सांगितलंत का?" शेवटी मी एक जादा दांडा फुकट बांधून दिला, वर तुम्हालाच रागावलो, आणि तुम्ही आभार मानून गेलात. मी यवतमाळकडून इथं आलो तो विटा वाहायला. या शहरानं मला एकही गोष्ट सांगितल्या भावात दिलेली नाही, मीही कुणाला दिली नाही. माझ्या सगळ्या धंद्यात असं लुटल्यासारखं मला एकदाच वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी तोच टिकाव मला टेकडीवर दिसला. माझ्या दुकानातला टिकाव, माझ्याच झाडाच्या पोरांवर.

आपल्या गटाची रीत तुम्हाला नव्यानं सांगायला नको, पण तुम्ही त्या रीतीत कधी बसला नाहीत म्हणून सांगतो. उन्हाळाभर पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन चढायचं आणि ज्यानं त्यानं आपापल्या झाडाला पाणी घालायचं. माणूस झाडावरून ओळखला जातो. बहाव्याच्या काकू, कडुलिंबवाले जोशी. मी गिरिपुष्पवाला. ते झाड मी लावलं तेव्हा पायथ्याशी इमारतीच्या गोदामात, सिमेंटच्या पोत्यांवर झोपत होतो. टेकडीवर झाडं लावायचा कसलासा कार्यक्रम होता, उरलेल्या गिरिपुष्पाच्या काठ्या तिथंच टाकून मंडळी निघून गेली. त्यातली एक मी रोवली. साइटवरच्या बादलीनं पाणी वाहिलं. दोन उन्हाळे गेले आणि तिसऱ्याला, अंगावर एक पान नसताना, ती काठी नखशिखांत गुलाबी झाली. पुण्यात मी लावलेली आणि टिकलेली ती पहिली गोष्ट. दुकान, घर, बायको, पोरं, सगळं त्याच्या नंतरचं.

आणि तुम्ही त्याच्याखाली बसून त्याची रोपं मुळासकट खणत होतात. राग आला की माझ्या तोंडात गावची भाषा येते. मी ओरडलो, "काहून उपटून राह्यल्या तुमी? तुमच्या बापाची हाये का टेकडी?"

तुम्ही कपाळ पुसलंत. "नाही. वडील कारकून होते."

मग समजावायला लागलात. हे झाड इथलं नाही, बाहेरचं आहे. समुद्रापलीकडून आणलं. लवकर वाढतं, लवकर हिरवं दिसतं, म्हणून सगळ्यांनी हौसेनं टेकड्यांवर लावलं. आता शेंगा तडकतात आणि बी लांबवर उडतं. याच्या सावलीत गवत येत नाही, आणि गवत गेलं की गवतातलं सगळंच जातं. वर तुम्ही त्याला मुद्दाम उंदीरमारी म्हणत होतात. नाव आहे त्याचं तेही, मला माहीत आहे. पण चांगलं नाव असताना माणूस दुसरं घेतो तेव्हा ते उगीच नसतं.

माझ्या डोक्यात मात्र 'बाहेरचं' हा एकच शब्द अडकला. मी म्हणालो, "मीसुद्धा बाहेरचाच आहे बाई. इतकी वर्षं झाली, पेठेतलं गिऱ्हाईक अजून विचारतं, तुम्ही मूळचे कुठले? मलाही उपटणार का?"

दुसऱ्या कोणीही माफी मागितली असती. तुम्ही म्हणालात, "वानखडे, मी झाडाबद्दल बोलते आहे. तुम्हाला स्वतःबद्दल बोलायचं असेल तर खाली चहा घेऊ."

चहा घेतला. तिथंही तुम्ही मला गोंजारलं नाहीत. "मिरची बाहेरची, बटाटा बाहेरचा," म्हणालात. "त्यांच्यावर मी टिकाव घेऊन जात नाही. शेजाऱ्याला जगू देतंय का, एवढंच बघायचं." मी म्हणालो, हे पेठेतल्या लोकांना सांगा. तुम्ही म्हणालात, सांगते, पण ते झाडांपेक्षा हट्टी आहेत. मला हसू आलं आणि हसल्याचा राग आला.

मग मी भाव टाकला. रोपं काढा, घाणेरी काढा, रानमोडी काढा, मी स्वतः टिकाव घेऊन येतो. पण माझं झाड राहील.

"बरं," तुम्ही म्हणालात.

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे राहील. शेंगा वाळायच्या आत तुम्ही तोडायच्या."

संपलं. इतक्या लवकर मान्य झालेला सौदा मी पाहिलेला नाही. समोरचा पटकन हो म्हणतो तेव्हा आपण कुठंतरी फसलेले असतो, हा धंद्यातला पहिला धडा. मी कितीतरी दिवस शोधत होतो, कुठं फसलो ते. दर उन्हाळ्यात बांबूला आकडी बांधून हिरव्या शेंगा ओढताना, घामाच्या धारा लागलेल्या असताना, तुम्ही उतारावरून बघायचात. झाडाकडे बघायचात, माझ्याकडे बघायचात आणि पुन्हा खाली वाकून आपलं काम. एक शब्द नाही. अहो, एकदा तरी म्हणायचंत, 'वानखडे, काढू या का हे आता?' मी नाही म्हटलं असतं. तुम्ही पुन्हा विचारलं असतंत. मी आवाज चढवला असता. अशीच असते ना रीत? तुम्ही मला भांडायलाच मिळू दिलं नाहीत. हा माझा तुमच्यावरचा खरा राग आहे, आणि तो तुम्ही गेल्यानं कमी झालेला नाही.

बाकी भांडायला मिळालं, तेही सांगतो. पहिल्याच दिवशी मी घाणेरीच्या सगळ्यात दाट जाळीवर तुटून पडणार होतो. तुम्ही अडवलंत. जिथं गवत चांगलं आहे तिथून सुरू करायचं, म्हणालात, आणि हळूहळू जाळीकडे सरकायचं. मी म्हणालो, ही काय उलटी पद्धत? शत्रू तिकडं आणि आपण इकडं?

"दुकानात केर कुठून काढता?"

"आतून बाहेर."

"मग?"

मी म्हणालो, केराचं वेगळं. तुम्ही म्हणालात, असेल. आणि आपण चांगल्या बाजूनं सुरू केलं. पुढच्या पावसाळ्यात गवत आपोआप मोकळ्या जागेत सरकलं, तेव्हा तुम्ही त्याचा उल्लेखसुद्धा केला नाहीत. शहाण्या माणसाचा हा सगळ्यात वाईट गुण.

घाणेरी वरून तोडली की दुप्पट फुटते. जमिनीखाली बोटभर, जिथं खोड संपून मूळ सुरू होतं, तिथं टिकावाचा घाव घालायचा, अख्खं झुडूप उचलायचं आणि मुळं वर करून उलटं ठेवायचं. सरळ टाकलं तर पुन्हा रुजतं. "हिला पाय टेकू द्यायचा नाही," असं तुम्ही म्हणायचात. रानमोडीचं पान उलटून दाखवायचात, देठापासून निघालेल्या तीन शिरा, त्रिशूळ काढल्यासारख्या. मग पान चोळून माझ्या नाकाशी धरायचात. मी म्हणायचो, बाई, मला परीक्षेला बसायचं नाही. तरी आता वास आला की रस्त्यात थांबतो. मांजरी गावात मेव्हण्याच्या नव्या सोसायटीत गेलो होतो, कुंपणाला रानमोडी. मी पाहुण्यांसमोर उपटायला लागलो. बायकोनं दंड धरून आत नेलं. याला तुम्ही जबाबदार.

आणि ते नारिंगी कॉसमॉस! तेही बाहेरचंच. दिवाळीआधी सगळी पायवाट त्याच्या फुलांनी भरते आणि शहर फोटो काढायला येतं. एकदा लग्नाआधीचे फोटो काढणारं एक जोडपं फुलांत उभं होतं, मुलीचा झगा जमिनीवर पसरलेला. तुम्ही तिच्या मागून, अगदी शांतपणे, एकेक रोप उपटत पुढे सरकत होतात.

फोटोग्राफर म्हणाला, "काकू, फ्रेममधून जरा बाजूला होता का प्लीज?"

"होते. तुम्ही एवढं धरा," असं म्हणून तुम्ही भारा त्याच्या हातात दिलात. त्यानं धरला! गळ्यात कॅमेरा, हातात भारा. नवरा मुलगा म्हणाला, "आजी, इतकी सुंदर फुलं का काढताय?" तुम्ही म्हणालात, "सुंदर आहेत म्हणूनच कोणी काढत नाही." मुलगी हसली. मग तिनंच झगा कमरेला खोचला आणि दोन-चार रोपं उपटली. तो फोटो त्यांनी लावला असेल का हो घरात?

उतारावरचं एक फूलही तुम्हीच दाखवलंत. गवतात पोटावर झोपायला लावून. करंगळीएवढं, कंदिलाच्या आकाराचं, मोकळ्या गवतातच येणारं. तुम्ही विद्यार्थिनी असताना पहिल्यांदा इथंच पाहिलेलं. मी गुडघ्यावरची माती झटकत म्हणालो, "इतक्यासाठी?"

"इतक्यासाठी," तुम्ही म्हणालात.

मला त्यात काही विशेष दिसलं नाही. आजही दिसत नाही. पण तुम्ही ज्या आवाजात ते म्हणालात, त्या आवाजाला भाव करता येत नाही हे मला कळलं.

तर, रविवारच्या आधी मी सप्रे काकांना गाठलं. मृणाल बरोबर होती. मी सांगितलं, उतारावर झाडं लावायची नाहीत. बाईंना चाललं नसतं.

"अहो वानखडे, झाड ते झाड," सप्रे काका म्हणाले. "वड काय परदेशी आहे?"

"वड आपला आहे. पण तिथं गवताचं राज्य आहे. वड आला की सावली आली, सावली आली की गवत गेलं."

"गवत काय, कुठंही उगवतं."

"मग बाईंनी तिथंच का इतकी वर्षं घालवली?"

"वय झालं होतं त्यांचं," ते हळूच म्हणाले. बाई, मी हात मागे बांधून घेतले. तुमची मुलगी समोर होती म्हणून.

मग तीच बोलली. तिच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत तुमची रक्षा. "काका, मला गवताचं कळत नाही," ती म्हणाली. "आई सांगायची, मी ऐकायचे नाही. मी राहते लांब. पुढच्या वेळी येईन तेव्हा घर बंद असेल. मला हात लावता येईल असं काहीतरी हवंय इथं. एक झाड. एकच."

सप्रे काकांशी मी दिवसभर भांडू शकतो. पण या पोरीला काय सांगू? पानावरचा त्रिशूळ दाखवू? तुम्ही असतात तर तुमचं ते एक कोरडं वाक्य टाकलं असतंत आणि विषय संपला असता.  मी नुसताच म्हणालो, "उतारावर नाही."

सप्रे काकांनी तिथं मला पकडलं. "वा! स्वतःचं गिरिपुष्प उताराच्या डोक्यावर पोसलंत. ते चालतं. त्याचं बी उडतं, सावली पडते, बाईंनीच आम्हाला सांगितलंय. तेव्हा तुमचं ते झाड आणि आमचा तो कचरा. आईच्या आठवणीसाठी पोरगी एक रोप मागते, तर तुम्ही नियम सांगता?"

  नको असतं तेव्हाच माणूस नेमकं बरोबर बोलतो.

मृणाल माझ्याकडे बघत होती. "म्हणजे ते गिरिपुष्पवाले तुम्हीच?" तिनं विचारलं. "आईच्या बोलण्यात तुम्ही रोज असायचात. आज गिरिपुष्पवाले पुन्हा चिडले. आज गिरिपुष्पवाल्यांनी शेंगा तोडल्या. मी एकदा विचारलं, आई, तू ते झाड का नाही तोडून टाकत? तर म्हणाली, ते माझं नाही. त्यांनी काढलं तर निघेल. मला घाई नाही."

मला घाई नाही!

बाई, मी तुम्हाला भाव न करणारी भोळी बाई समजत होतो. सगळ्या धायरीला सांगत होतो, अशी गिऱ्हाइकं देवानं रोज पाठवावीत. आणि तुम्ही? इतकी लांब घासाघीस माझ्याशी कोणी केली नाही. तोंडातून आकडा न काढता, उन्हाळ्यामागून उन्हाळा नुसतं उभं राहून. आणि घरी, मुलीपुढे, माझ्या झाडाचं चांगलं नाव घेत होतात.

मी चिडलो. कोणावर ते मला अजून कळलेलं नाही. सप्रे काकांना म्हणालो, "ठीक आहे. बोला. माझं झाड रविवारी निघेल. मुळासकट. त्याच्या बदल्यात उतारावर एकही खड्डा नाही. या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, कोणाच्याही नावानं नाही."

"आणि बाईंच्या नावाची पाटी?"

"पाटीसुद्धा नाही."

सप्रे काकांनी मला निरखलं. टेकडीवर त्यांना माझं झाड नको होतं असं नाही, त्यांना माझा चेहरा बघायचा होता, आणि तो त्यांना दिसत होता. "मान्य," ते म्हणाले. मग मृणालला म्हणाले, "तुला चालेल का बेटा?" ती म्हणाली, "काका झाड काढत असतील तर मी येईन."

रविवारी सगळे आले. झाड लावायला येतात तसेच, टोप्या घालून, डबे घेऊन. वनखात्याचा गार्ड येऊन बघून गेला. उपटायची परवानगी तुम्हीच काढून ठेवलेली होती, त्यातून माझं झाड वगळलेलं नव्हतं. तेही मला रविवारी कळलं. पहिला घाव मी घातला. दुसऱ्या कोणाला घालू दिला नसता. फांद्या उतरल्या, मग बुंध्याभोवती खणलं, पहारी लावल्या, दोर बांधला. बहाव्याच्या काकू दोर ओढत होत्या. कडुलिंबवाले जोशी 'हय्या' म्हणत होते. झाड आलं तेव्हा आवाज फार झाला नाही. एवढ्या वर्षांचं झाड, मला वाटलं होतं जास्त भांडेल.

खड्डा मोठा पडला. सप्रे काका काठावर उभे राहून म्हणाले, "खड्डा आयताच आहे तर एक बकुळ..."

"सप्रे काका," मी म्हणालो, "व्यवहार झाला."

ते काठावरून मागे सरले. मृणाल खाली बसली आणि तुमची रक्षा तिनं त्या खड्ड्यात ठेवली. आम्ही माती लोटली. लोक खड्ड्यात काहीतरी लावून घरी जातात. आम्ही काढून, बुजवून, सपाट करून उभे राहिलो, आणि कोणालाच कळेना की आता काय म्हणायचं. मग मृणाल उतारावरून एकटीच खाली चालत गेली, कमरेएवढ्या वाळत्या गवतातून, दोन्ही हात पसरून, गवताचे शेंडे तळव्यांखालून सरकवत. आम्ही वरून बघत होतो. कोणी तिला हाक मारली नाही.

संध्याकाळी गाडीतून तिचा फोन आला. "काका, माझ्या ओढणीला, सलवारीला, सगळीकडे कुसळं घुसलीत. निघतच नाहीयेत."

"नाही निघायची," मी म्हणालो. "घट्ट धरतात."

 ती म्हणाली, "राहू देत."

मी म्हणालो, "राहू दे. फक्त तिकडं कुठं टाकू नकोस. तिथल्या बाईंना चालायचं नाही." ती हसली. बाई, हुबेहूब तुमचं हसणं आहे. ऐकून माझं पुन्हा डोकं फिरलं.

मी चूक होतो असं मी आजही म्हणत नाही. ती काठी मी लावली तेव्हा तिला पाणी घालणं बरोबरच होतं, आणि कोणी तसं म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. पण तिथून आता उतार थेट वरपर्यंत दिसतो. मध्ये काही येत नाही. तुम्ही हे इतकी वर्षं डोळ्यांसमोर आणून बघत असणार, शेंगा ओढणाऱ्या माणसाच्या डोक्यावरून.

गटात आता माझी अडचण झाली आहे. झाड नाही, मग ओळखायचं कशावरून? परवा सप्रे काकांनी एका नव्या माणसाशी माझी ओळख करून दिली. "हे वानखडे. गवतवाले." तुम्हाला चेष्टेनं म्हणायचे तेच. मी म्हणणार होतो, तोंड सांभाळा. म्हणालो नाही. उशीर होत होता, वरच्या अंगाची रानमोडी तशीच पडली होती, आणि दुसरा टिकाव उचलायला तुम्ही नव्हतात.

जाताना बुजवलेल्या जागेशी थांबलो. मातीतून गिरिपुष्पाचा एक फुटवा वर आला होता. हिरवागार, दोन पानं, अगदी निर्लज्ज. कुठंतरी मुळाचा तुकडा राहिला असणार. तुम्ही म्हणाला असतात, दर आठवड्याला यावं लागेल, वानखडे. माहीत आहे मला. सांगायला नको.

मी खाली बसलो. बोटांनी माती उकरली, तुकडा सापडेपर्यंत. उपटला. थोडा वेळ हातात धरला. मग शेजारच्या दगडावर मुळं वर करून, उलटा ठेवला.